गुरुवारचा आकडा

गव्हाण, ता. पनवेल
१७ फेब्रुवारी २०२५

दवाखान्याचे मोठे डॉक्टर साहेब यांना,
चंद्रावती हसुराम घरत हिचा नमस्कार.

मी सातवी शिकलेली हाय. पत्र माझं मीच लिहिते, चुकलंमाकलं तर समजून घ्या.

माझ्या गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, आणि उरलंसुरलं जाळायला तुमच्याकडे ३ तारखेला, सोमवारी, मना किरणांची गोळी दिली. गोळी गिळली की माणसाच्या अंगातूनच किरणं निघतात, म्हणून तीन-चार दिवस एकटीला खोलीत राहावं लागेल, हे डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं होतं. त्याबद्दल तक्रार नाय. तक्रार हाय ती यंत्रवाल्या माणसाची.

मी धवलारीण हाय. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि त्या गाण्यावर एकेक विधी पुढे जातो. चाळीस वर्षांत मी तीनशेवर लग्नं लावली. माझ्या धाकटीची, मनस्वीची हळद ६ तारखेला गुरुवारी आणि लग्न शुक्रवारी. गोळीची तारीख बदलता येत नव्हती, लग्नाची पण नाय. मॅडम बोलल्या, "गुरुवारी सकाळी आकडा पन्नासच्या खाली आला की घरी जा. मांडवात लांब खुर्ची टाकून बसा, पोरंसोरं आणि पोटुशी बाई जवळ नको." ऑपरेशननंतर माझा आवाज फाटलाय. पण पोरीच्या हळदीपुरता तो पुरला असता.

तुमचा माणूस रोज दारात उभा राहून यंत्र धरायचा. मंगळवारी १४०. बुधवारी ८२. गुरुवारी सकाळी ७०. मी बोलले, "बाबा, जरा परत बघ." त्याने परत बघितलं, परत ७०. संध्याकाळी आला, तर ६२. "उद्या बघू" बोलून गेला. हळदीला माझ्या जागी दुसरी धवलारीण, कृष्णाबाई गायली. शुक्रवारी सकाळी आकडा २८ झाला आणि मना सोडलं. कागदपत्रात बारा वाजले, पुढे उलव्याच्या रस्त्याला डंपरांची रांग. मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. पोर गाडीत बसत होती. तिला सहा हातांवरून बघितली.

मना एकच सांगा. बुधवारपासून गुरुवारपर्यंत आकडा बारानेच उतरला, आणि मग गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ एकदम चौतीसने कसा काय उतरला?

चंद्रावती घरत

---

पनवेल
२५ फेब्रुवारी २०२५

श्रीमती चंद्रावती घरत यांना,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र विभागाकडे आलं. डॉक्टर मॅडमच्या सांगण्यावरून मी उत्तर लिहीत आहे. मी निनाद पालकर, या विभागातला तंत्रज्ञ. आपण ज्याला यंत्रवाला माणूस म्हणता तो मीच.

आपल्या मुलीची हळद चुकली याचं आम्हा सर्वांना मनापासून वाईट वाटतं.

माझ्या हातात असतं त्या यंत्राला सर्व्हे मीटर म्हणतात. त्याच्या पुढचा दांड्यासारखा भाग किरणं टिपतो आणि पेटीवर आकडा दिसतो. एक मीटर अंतरावर तो आकडा पन्नासच्या खाली आला, की रुग्णाला घरी पाठवता येतं. त्यापेक्षा जास्त असताना सोडलं, तर घरातल्यांना, विशेषतः लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना विनाकारण किरणं लागतात. आपला आकडा गुरुवारी दोन्ही वेळा पन्नासच्या वर नोंदवला गेला. त्यामुळे आपल्याला सोडणं शक्य नव्हतं.

आपल्या प्रश्नाबद्दल. औषध शरीरातून बाहेर पडण्याचा वेग दर दिवशी सारखा नसतो. पाणी किती प्यालं, लघवी किती झाली यावर तो अवलंबून असतो. मीटरची तपासणी आमच्याकडे रोज होते.

आपली तक्रार विभागाच्या वहीत नोंदवली आहे. पुढच्या तपासणीस ऑगस्टमध्ये यावे.

आपला,
निनाद पालकर

---

गव्हाण
१२ मार्च २०२५

निनाद साहेब,
नमस्कार.

उद्या होळी. घरात सगळे सामान आणायला गेलेत म्हणून निवांत लिहायला बसले.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. दवाखान्याकडून उत्तर येईल असं घरात कोणालाच वाटलं नव्हतं. माझा मुलगा हरेश तर बोलला होता, "आये, कागद फुकट घालवलास." मी पत्र भाविकाला वाचून दाखवलं. भाविका म्हणजे हरेशची बायको, तिला सातवा महिना हाय. ती रडायलाच लागली. बोलली, "आई, तुमी हळदीला आल्या असत्या तर मना लांब राहायला जमलं नसतं. मी तुमच्या गळ्यातच पडले असते." तेव्हा मना कळलं. तुमी मना थांबवलं ते माझ्या नातवंडासाठी थांबवलं. मी त्या दिवशी दार लावून घेतल्यावर तुमाला काय काय बोलले, ते भिंतींनीच ऐकलं. ते शब्द मी परत घेते.

त्या खोलीत दुसरं करायला काय होतं? तुमी येता कधी, करता काय, हेच मी बघत बसायची. दाराची काच छोटी, पण दिसायचं सगळं. तुमी आल्या आल्या आत कधीच बघितलं नाय. आधी पेटी पोटाशी धरायची, एक बटण दाबायचं, मग खिशातून ती बटणाएवढी चकती काढून दांड्याला लावायची. आकडा बघून मान हलवायची. मगच दार. माझ्या पोटापासून टेप धरायचा तो पण एक बोट इकडचा तिकडे नाय. मंगळवारी मी पुढे वाकले तर तुमी बोलला, "मावशी, पाठ टेका, वाकलात तर आकडा खोटा येईल." मना लई आवडलं ते. मी पण अशीच हाय. हळद कांडायच्या घाण्याला ठरलेल्या बायांतली एक बाई कमी असली तरी मी गाणं सुरू करत नाय. लोक बोलतात, चंद्राबाय, चालवून घे. मी चालवून घेत नाय.

ती चकती कसली? आणि दांड्याला प्लास्टिकची पिशवी का बांधता? यंत्र भिजेल म्हणून? पावसाळ्यात काय करता? सवड असली तर लिहा. भाविकाला पण ऐकायचंय.

गावात मी सगळ्यांना सांगते, पनवेलला एक माणूस हाय, देवासमोर उभा राहिल्यासारखा यंत्रासमोर उभा राहतो.

तुमची,
चंद्रावती मावशी

---

सुकापूर, नवीन पनवेल
३१ मार्च २०२५

चंद्रावती मावशी,
नमस्कार.

काल पाडवा झाला. तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस होऊन गेले. उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. हे पत्र मी घरून लिहितो आहे, पण ते टाकायच्या आधी डॉक्टर मॅडमना वाचायला देणार आहे.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं, कारण पुढचं कळायला ती लागतील.

बटण बॅटरीचं. बॅटरी उतरलेली असली तर मीटर बंद पडत नाही, कमी आकडा दाखवतो. ते जास्त वाईट. चकतीत अगदी थोडं किरण देणारं द्रव्य आहे. तिला दांडा लावला की दर वेळी ठरलेलाच आकडा यायला हवा. आला, तर मीटर जागेवर आहे. दांड्याच्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा असतो, त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. पिशवी त्या पडद्यासाठी. रुग्णाची थुंकी, घाम, लघवी यांत औषध असतं. त्याचा एक थेंब पडद्याला लागला, तर मीटर जाईल तिथे तो थेंब मोजत बसेल. मोकळ्या रस्त्यात उभं राहिलं तरी.

म्हणून आणखी एक पायरी असते. रुग्णाकडे जायच्या आधी बाहेर, जिथे काहीच नाही अशा जागी, आकडा बघायचा. तो शून्याच्या जवळ हवा. मंगळवारी आणि बुधवारी मी ते कॉरिडॉरच्या टोकाला करून मगच तुमच्या दारात येत होतो. तुमच्या काचेतून तेवढं दिसत नव्हतं.

गुरुवारी सकाळी शेजारच्या खोलीतल्या रुग्णाला उलटी झाली. फरशी आणि बेसिन तपासायला मीच आत गेलो. बेसिनच्या कडेला घासून पिशवी फाटली. बाहेर येऊन मी ती बदलली. जुनी काढताना तिच्यावरचा एक थेंब पडद्यावर उतरला असणार. नव्या पिशवीखाली तो झाकला गेला. पिशवी बदलली की पुन्हा बाहेरचा आकडा घ्यायचा, असा नियम आहे. मी तो घेतला नाही. हरेश खाली गाडी लावून उभे होते, रिसेप्शनवरून मला चार फोन आले होते. तुम्हाला लवकर सोडावं म्हणून मी घाई केली, मावशी. मंगळवारी, बुधवारी तुम्ही बघितलीत ती चकतीसुद्धा लावली नाही. संध्याकाळीही मीटर टेबलावरून उचलला आणि थेट तुमच्या दारात येऊन चालू केला.

शुक्रवारी सकाळी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये मीटरने २२ दाखवले. मी पिशवी काढून पडदा ओल्या कापसाने अलगद तीनदा पुसला. आकडा शून्याजवळ आला. मग तुमच्याकडे आलो, तर २८.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर तेव्हाच कळलं होतं. मी मनाला समजावलं, थेंब गुरुवारी रात्री कधीतरी लागला असेल. मग तुमची तक्रार आली. आमच्या विभागात एवढी शिकलेली माणसं आहेत, पण आकडा एकदम चौतीसने कसा उतरला हा प्रश्न फक्त तुम्ही विचारलात. आणि मी उत्तर काय दिलं? पाणी आणि लघवी. "मीटरची तपासणी आमच्याकडे रोज होते" हे वाक्य टाइप करून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. तरी ते पाठवलं.

तुमचं होळीचं पत्र आलं आणि मी आलेखाचा कागद घेऊन बसलो. मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार हे तीन आकडे एकाच उतारावर येतात, रोज आदल्या दिवसाच्या निम्म्याहून थोडा जास्त आकडा उरतो. गुरुवारचे दोन्ही वर लटकतात. त्यांतून २२ वजा केले की तेही उतारावर बसतात. गुरुवारी सकाळी तुमचा खरा आकडा ४८ होता. संध्याकाळी ४०. सकाळी, आकडा पन्नासच्या इतका काठावर म्हणून, डॉक्टरांनी कदाचित दुपारपर्यंत थांबवलं असतं. पण संध्याकाळी तुम्ही नक्की घरी असता. मॅडमनी सांगितलं होतं तसं लांब खुर्चीवर बसून तुम्ही गायला असता, आणि भाविकाला आम्ही बजावून लांब ठेवलं असतं.

यंत्र चुकलं नाही. समोर होतं ते सगळं त्याने मोजलं. चुकलो मी. आणि नंतर लपवलंही मीच.

अजून एक सांगायचं आहे. तुमच्या खोलीत बोलण्यासाठी इंटरकॉम होता. गुरुवारी संध्याकाळी तो बंद करायचा राहिला होता. साडेसातच्या सुमाराला तुम्ही गायला लागलात. आवाज मध्येच तुटायचा, तुम्ही थांबायचात, आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून घ्यायचात. मी बटणावर हात ठेवून बसलो होतो, ते बंद करवलं नाही. असं चोरून ऐकायला नको होतं. त्याचीही माफी मागतो.

तुम्ही गावात माझ्याबद्दल जे सांगता, ते कृपा करून थांबवा.

निनाद

---

गव्हाण
९ एप्रिल २०२५

निनाद पालकर,

मी हरेश घरत. तुमचं पत्र आईने वाचलं. त्या दिवसापासून ती कोणाशी बोलत नाही. दोन दिवस जेवली नाही. कृष्णाबाईने दोन लग्नांची सुपारी तिला द्यायला आणली होती, तिने परत पाठवली.

माझ्या बहिणीचं लग्न परत होणार आहे का? तेव्हा काउंटरवर मी ओरडलो तर तुमच्या सिक्युरिटीने मला बाहेर काढलं. म्हणजे मी खरा होतो. मी वकिलाला भेटलोय. तो बोलतो, माणसाने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, आणखी काय पाहिजे.

तुम्हाला काय बोलायचं असेल ते आता मला बोला. आईला पत्र पाठवू नका.

हरेश हसुराम घरत

---

पनवेल
१५ एप्रिल २०२५

श्री. हरेश घरत यांना,
नमस्कार.

तुम्ही खरे होतात.

सोबत तुमच्या आईच्या सर्व आकड्यांच्या नोंदीची प्रत, मीटरच्या देखभाल-वहीतलं ७ फेब्रुवारीचं पान आणि मी काढलेला आलेख जोडला आहे. रुग्णाला स्वतःची नोंद मागण्याचा हक्क आहे, म्हणून डॉक्टर मॅडमच्या सहीने देत आहे. वकिलांना हे लागेल. वहीतल्या पानावर मीटरच्या दांड्याबद्दल त्या दिवशी मी फक्त "प्रोब साफ केला" एवढंच लिहिलं होतं. का साफ केला, किती आकडा दिसत होता, ते लिहिलं नव्हतं. ती ओळ मी आता तारीख टाकून खाली लिहिली आहे, जुनी खोडलेली नाही.

ज्यांना जाब द्यायचा त्यांना मी सगळं लेखी दिलं आहे. चौकशी होईपर्यंत माझ्याकडे मोजणीचं काम नाही.

तुमच्या आईंना मी पत्र पाठवणार नाही. त्यांची ऑगस्टची तपासणी मात्र चुकवू नका. माझ्यावरचा राग त्या तपासणीवर निघू नये, एवढीच विनंती.

निनाद पालकर

---

गव्हाण
८ जून २०२५

निनाद,

साहेब लिहीत नाय. मुलाच्या वयाचा हायस.

भाविकाला मुलगी झाली. २२ मे. पोर आणि आई दोघी बऱ्या हायत. बारशाच्या गडबडीत पत्र राहिलं, असं लिहिणार होते. पण ते खोटं. मना लिहायचंच नव्हतं.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मना वाटलं, याने सांगितलंच का? मी सुखी होते. नातवंडासाठी हळद दिली असं मनाशी धरून मी बरी झाले होते. तू ते पण काढून घेतलंस. दोन महिने मी तुझ्यावर रागावलेली होते ते चुकीसाठी नाय, सांगितल्यासाठी.

मग हरेश कागद घेऊन आला. तू पाठवलेले. तो वकिलाकडे निघाला होता. मी बोलले, "बस जरा, मना वाचू दे." वहीचं पान मी नीट बघितलं. वरती तुझी जुनी ओळ, अर्धवट. खाली नवीन ओळ, नवी तारीख, पूर्ण. कोणी मागितलं नसताना. हरेशला विचारलं, "हे पान याने दिलं नसतं तर तुला सापडलं असतं?" त्याने पान उलटसुलट करून बघितलं. मग बोलला, "नाय, आये."

मी त्याला बोलले, "आपन वकिलाकडे जायाचं नाय." तो चिडला. "एवढं जालं, नि तू सोडून देनार?" मी बोलले, "सोडत नाय. माझी तक्रार वहीत हाय, ती वहीतच राहील. उद्या दुसऱ्या कोनाच्या लेकीची हळद चुकू नये, म्हनून ती राहील."

मॅडमना मी वेगळं पत्र घातलंय. त्यात दोन गोष्टी लिहिल्या. एक, तक्रार मागे घेत नाय. दोन, तो माणूस त्या दारात परत उभा राहिला पाहिजे. नवीन माणूस आणाल तर तो पण कधीतरी घाई करेल, आणि त्याला सांगायची हिंमत होईल का नाय ते मना माहीत नाय. याचं माहीत हाय.

माफ केलं असं मी लिहीत नाय. मनस्वीच्या हळदीचा धवला त्या संध्याकाळचाच. तो आता कुठे गायचा? पण तू ऐकलास म्हणतोस. मग तो अगदीच वाया गेला नाय. भिंतीपलीकडे एक माणूस होता, हे मना बरं वाटलं. त्याची माफी मागू नको.

आता तिथे काय बदललं, ते लिही. गोड बोलू नको, बदललं तेवढंच लिही.

चंद्रावती मावशी

---

सुकापूर
२० जून २०२५

मावशी,
नमस्कार.

नातीला आशीर्वाद. तुमचं पत्र मी कामावर उघडलं, आणि मग गच्चीवर जाऊन वाचलं.

मॅडमनी तुमचं पत्र चौकशीतल्या लोकांसमोर मोठ्याने वाचलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलमध्ये राहील. सोळा जूनपासून मी पुन्हा मोजणीवर आहे.

बदललं ते असं. आता दोन मीटर आहेत. एक फक्त फरशी, बेसिन, कपडे यांच्यासाठी. दुसरा फक्त रुग्णासाठी, तो बाथरूममध्ये कधीच जात नाही. दोन्हींवर वेगळ्या रंगाची पट्टी आहे. नोंदीच्या कागदावर रुग्णाच्या आकड्याआधी एक नवा रकाना आलाय, "बाहेरचा आकडा". तो भरल्याशिवाय पुढचा रकाना भरायचा नाही. आणि तो आकडा मी आता रुग्णाला काचेतून दाखवतो. हे माझ्या डोक्यातून आलं, आणि माझ्या डोक्यात तुमच्यामुळे आलं. तुम्ही काचेतून सगळं बघत होतात, फक्त तेवढंच तुम्हाला दिसत नव्हतं. दिसलं असतं, तर तुम्ही मला टोकलं असतं, याची मला खात्री आहे.

पावसाळ्याचं तुम्ही विचारलं होतं. मीटरला भिजण्यापेक्षा दमटपणाचा त्रास जास्त. केबलच्या टोकांना बुरशीसारखं धरतं आणि आकडा थरथरतो. म्हणून पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवतो, त्यांचा रंग बदलला की नव्या घालतो. सुट्टीवर जाताना बॅटऱ्या काढून ठेवतो, नाहीतर त्या पाझरतात. वर्षातून एकदा मीटर तपासून प्रमाणपत्र येतं. पूर्वी मी ते भिंतीवर लावून मोकळा व्हायचो. आता तारीख जवळ आली की आधीच पाठवतो.

लोकांना हे किचकट वाटतं. मला आवडतं. मी कधी कोणाला सांगितलं नाही, पण नोकरीला लागलो तेव्हा मला वाटायचं, आपण नुसते आकडे वाचणारे. डॉक्टर बरं करतात, आपण आकडा सांगतो. तुम्ही त्या पत्रात हळदीच्या घाण्याचं लिहिलं होतं, एक बाई कमी असली तरी सुरू करत नाही म्हणून. तेव्हापासून मला माझं काम वेगळं दिसतं. त्या गुरुवारी एक बाई कमी होती आणि मी सुरू केलं.

तुम्ही माफ केलं नाही हे लिहिलंत, ते बरं केलंत. केलं म्हणाला असतात, तर मी विश्वास ठेवला नसता.

निनाद

---

गव्हाण
२४ ऑगस्ट २०२५

निनाद,

तपासणीला येऊन गेले. तू काचेपलीकडे कामात होतास, मी हाक मारली नाय. मोजताना माणसाला हाक मारू नये.

मॅडमनी फोटो बघितले. बोलल्या, अंगात कुठेच काय उरलं नाय, आता सहा महिन्यांनी या. हरेशने तिथेच पेढे काढले. सिक्युरिटीवाल्याला पण दिला, ज्याने त्याला बाहेर काढलं होतं. दोघे हसत होते. मी बघितलं नाय असं दाखवलं.

आवाज पहिल्यासारखा होणार नाय, असं गळ्याचे डॉक्टर बोलले. वरचा सूर गेला तो गेला. खालचा हाय. दिवाळीनंतरची दोन लग्नं मी घेतलीत, कृष्णाबाई वरचं गाईल, मी खालचं. आमी दोघी रोज बसतो. ती मना ओरडते, "चंद्रे, घाई नको." मी पण तिला ओरडते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

मी बाकावर बसले होते, तर शेजारी एक बाई. उरणकडची, मासळी विकणारी. बोटांना कोळंबी सोलल्याच्या जुन्या खुणा, त्यावरून ओळखली. तिला त्या दिवशी गोळी द्यायची होती. घरी दोन लहान पोरं. माझ्या गळ्यावरचा व्रण बघून तिने विचारलं, "बाय, तुमी या खोलीत राह्यलाव?"

मी बोलले, "चार दिवस."

"त्यो पोऱ्या हाय ना, यंत्रवाला. त्यो बोलेल तवाच सोडतान म्हने. त्याचं यंत्र खरं बोलतं का? नाय तं मी घरी जायाची नि पोरांना कायतरी व्हायाचं."

मी काचेकडे बघितलं. तू कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीसमोर उभा होतास, पेटी पोटाशी धरून. आकडा बघितलास, कागदावर लिहिलास, आणि कागद उलटा करून खोलीतल्या कोणाला तरी काचेतून दाखवलास. आतून कोणीतरी मान हलवली असेल. मगच तू पुढे गेलास.

मी तिला बोलले, "माज्या येळेला त्यो चुकला."

ती उठायलाच लागली. मी तिचा हात धरून खाली बसवली.

"चुकला नि मना त्याने सोता कलवलं. कोनाला कलनार नवतं, तरी कलवलं. मी भांडली, माजा पोर भांडला, तरी त्याने कागद खोटा केला नाय. आता तूच बग. असा मानूस तुज्या दारात उभा राह्यला तं तुला अजून काय पायजे?"

ती खूप वेळ तुझ्याकडे बघत बसली. नर्सने नाव पुकारलं. पिशवी उचलून ती निघाली, आणि दारापर्यंत जाऊन परत आली. बोलली, "पोरांना फोन करून सांगा, आये आत गेली. मना आता रडू येल, मना बोलाया जमनार नाय." नंबर माझ्या हातावर लिहिला आणि आत गेली.

फोन मी केला. मोठा मुलगा होता. त्याला सांगितलं, आईची काळजी करू नको, दारात निनाद हाय.

चंद्रावती मावशी